दुसऱ्या दिवशी शोमरोनी निघून गेला

(नगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र थोडक्यात देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताईंचं वय ४७. शाळेत शिक्षिका, यजमान एमआयडीसीत शिफ्टला. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून त्यांचं सगळं अंथरुणात. धाकटे दीर-जाऊ पुण्याला असतात, सणाला येतात आणि फोनवर ‘प्रार्थनेत आठवण करतो’ म्हणतात. ताई मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, महिला मंडळाच्या सेक्रेटरी आहेत. २०२१च्या दुसऱ्या लाटेत त्यांनी घरात अडकलेल्या कुटुंबांना डबे पोचवायला सुरुवात केली. लाट ओसरली, डबे मात्र चालूच राहिले. आता ते आठवड्यातून दोनदा सरकारी दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी जातात. कुणाकडे आजारपण असो की मयत, पहिला फोन ताईंनाच येतो.

दोन महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी संध्याकाळी, मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या एका विधवा मावशींचा फोन आला. ‘जरा येऊन जा गं, करमत नाही.’ ताई म्हणाल्या, ‘रविवारी उपासना झाली की येते.’ पत्रात पुढे कंसात लिहिलं आहे : (तेव्हा सासूबाईंची चादर बदलत होते, फोन खांद्याने धरला होता.) शनिवारी पहाटे मावशी हार्ट अटॅकने गेल्या.

“चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला तो याजक मीच,” ताई लिहितात. “प्रार्थनेला बसले की शब्द फुटत नाहीत. पूर्वी कुणाचं दुःख ऐकलं की डोळे भरून यायचे, आता मनात येतं, हे आणखी माझ्यामागे नको. सकाळी उठावंसं वाटत नाही. एक बहीण म्हणाली, देव झेपेल तेवढंच ओझं देतो. मग मला का झेपत नाही? माझा विश्वास खोटाच होता का? सगळं सोडून द्यावं की तसंच रेटत राहावं? घरात एकच गोष्ट बरी आहे. सासूबाईंना बोलता येत नाही, पण मोबाइलवर गीत लावलं की त्यांचे ओठ हलतात.”

प्रिय ताई,

सलाम. तुम्ही जे वाक्य कंसात टाकलंत, तिथूनच मला सुरुवात करायची आहे. फोन खांद्याने धरला होता आणि हातात चादर होती. ज्या बाईला मान वाकडी करून फोन धरावा लागतो, कारण दोन्ही हात एका आजारी माणसाच्या अंगाखाली आहेत, तिला याजक कसं म्हणायचं? येशूच्या त्या दाखल्यातला, म्हणजे बोधकथेतला, याजक (मंदिरातला पुरोहित) लुटारूंनी रस्त्यात टाकलेल्या जखमी माणसाला पाहून पलीकडच्या बाजूने निघून गेला. लेवी, मंदिरातला सेवक, तोही तसाच गेला. थांबला तो शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी परका. तुम्ही कुठेही निघून गेला नव्हतात. तुम्ही आधीच एका जखमी माणसापाशी गुडघे टेकून बसलेल्या होतात आणि तेवढ्यात दुसऱ्या माणसाने हाक मारली.

मी ३४ वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेली. एका वॉर्डात एकाच वेळी दोन घंट्या वाजल्या की काय होतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एकीकडे जावं लागतं आणि दुसरीकडे उशीर होतो. कधी कधी तो उशीर आयुष्यभर मनात राहतो. माझ्याही मनात असे दोन चेहरे आहेत. म्हणून ‘विसरून जा’ असं मी तुम्हाला म्हणणार नाही, मावशी विसरण्यासारख्या नव्हत्याच. पण दुःख आणि अपराध या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाहेरून त्या सारख्या दिसतात, दोन्हींनी रात्रीची झोप उडते. अपराधाला क्षमा मागायची असते. दुःखाला रडायचं असतं. तुम्ही दोन महिने दुःखासाठी क्षमा मागत बसला आहात, म्हणून मोकळं वाटत नाहीये.

मावशी ‘करमत नाही’ म्हणाल्या होत्या. छातीत दुखतंय असं म्हणाल्या असत्या तर तुम्ही चादर तशीच टाकून धावला असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण त्या फोनमधला एक प्रश्न मला टोचतो आणि तो तुमच्या एकटीसाठी नाही. इतकी मोठी मंडळी असताना करमत नसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला फोन करायला एकच नंबर का होता?

आता त्या दाखल्याकडे वळू. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे आपण तो अर्धाच ऐकतो. शोमरोन्याला कळवळा आला, तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं. उपदेश बहुतेक वेळा इथेच संपतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात मात्र गोष्ट पुढे जाते. तो त्याला उतारशाळेत घेऊन गेला, ती रात्र त्याची काळजी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर ठेवले. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे दोन दिवसांची कमाई झाली. ‘याची काळजी घ्या, जास्त लागलं तर परत येताना देईन,’ असं सांगून तो आपल्या वाटेने गेला.

तो गेला, ताई. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा तो रस्ता ओसाड आणि लुटारूंचा. त्यावर पुढेही कुणी पडलेलं असेल, मागेही असेल. त्याने तिथेच मुक्काम ठोकला नाही, रस्त्यावर गस्त घालत बसला नाही. त्याला त्याचं काम होतं, कदाचित घरी त्याचीही कुणी वाट पाहत होतं. आणि येशूने याच माणसाकडे बोट दाखवून ‘जा, तूही तसंच कर’ असं म्हटलं. म्हणजे त्या ‘तसंच’मध्ये उतारशाळा आली, रखवालदार आला, पैसे मोजून देणं आलं आणि आपल्या कामाला निघून जाणंही आलं. आपण जखमा बांधणं तेवढं उचललं आणि उतारशाळा वगळली.

तुमच्या पत्रात मी तो रखवालदार शोधला. यजमान ‘शिफ्टला’ एवढ्या एका शब्दात येतात. दीर फोनवर आहेत. मंडळी फोन करते, पण फोन घेत नाही. तुमच्या गोष्टीत जखमी पुष्कळ आहेत आणि शोमरोनी एकच. अशा गोष्टीत एक दिवस शोमरोनीच रस्त्याच्या कडेला पडतो.

‘देव झेपेल तेवढंच ओझं देतो’ हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास म्हटलं जातं की ते शास्त्रवचनच वाटतं. तसं ते नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात म्हटलं आहे की देव तुमची परीक्षा तुमच्या शक्तीपलीकडे होऊ देणार नाही. तिथे विषय पापाच्या मोहाचा आहे. अंथरुणावरची सासू, नोकरी आणि आठवड्याचे दोन डबे यांचा तिथे संबंध नाही. त्याच पौलाने त्याच मंडळीला पाठवलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आशियात भोगलेल्या संकटाबद्दल लिहिलं आहे की आम्ही आमच्या शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीसुद्धा आशा सोडली. शक्तीपलीकडे, असं खुद्द पौल म्हणतो, आणि त्यासाठी त्याला कुणी अविश्वासू ठरवत नाही. त्या बहिणीने तुम्हाला धीर द्यायलाच ते वाक्य म्हटलं असणार, तिचा राग धरू नका. पण ते वाक्य मनातून काढून टाका. झेपत नाही म्हणजे विश्वास कमी, असा हिशेब पवित्र शास्त्रात नाही.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्ही शब्बाथ शाळेत मुलांना शिकवली असेल. कर्मेल डोंगरावर केवढा पराक्रम केला आणि त्यानंतर रानात एका झुडपाखाली बसून तो म्हणाला, ‘परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे.’ तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ‘तुझा विश्वास कुठे गेला?’ असं विचारलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवला, त्याला हलवून उठवलं, खायला घातलं आणि पुन्हा झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं. १ राजेचा १९वा अध्याय काढून वाचा. देव त्याच्याशी बोलला, पण नंतर. आधी दोन जेवणं आणि दोन झोपा. नर्स म्हणून मला हा अध्याय फार प्रिय आहे.

म्हणून माझी पहिली सूचना प्रार्थनेबद्दल नाही. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. सकाळी उठावंसं न वाटणं, रडू न येणं, सगळं बधिर होणं, हे दोन महिने चाललंय. रक्त तपासून घ्या, विशेषतः हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या सुमारासही मन असं कोसळतं आणि आपण त्याला पाप समजत बसतो. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं किंवा गोळ्या सुरू केल्या तर त्या घ्या. ब्लडप्रेशरची गोळी घेताना आपण ‘माझा देवावर विश्वास नाही का?’ असं विचारत नाही. घरातून बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस चालते. आणि जगणंच नको असा विचार एकदा जरी मनात आला, तर रविवारची वाट पाहू नका. त्याच क्षणी यजमानांना उठवा, त्या नंबरवर फोन करा.

दुसरी सूचना झोपेची. सासूबाईंना रात्री दर दोन तासांनी कुशीवर करायला तुम्ही उठता, असं पत्रात सहज येऊन जातं. तीन वर्षं. त्यांच्या पाठीला एकही जखम नाही, असंही तुम्ही लिहिलंय. ताई, वॉर्डात तीन पाळ्यांमध्ये माणसं असूनही आम्हाला हे दरवेळी जमायचं नाही. ज्या बाईला वाटतं की तिच्यात दया उरली नाही, तिच्या सासूची पाठ तीन वर्षं शाबूत आहे. दया डोळ्यांतल्या पाण्यावर मोजायची की या पाठीवर? दाखल्यात कळवळा एकाच शब्दात येतो, बाकी सगळी क्रियापदं हातांची आहेत. तुमचे हात अजून ते करताहेत, मन फक्त पेंगलं आहे. पण तेवढ्यावर समाधान मानून आणखी तीन वर्षं रेटू नका, कारण पेंगणारं मन हळूहळू चिडखोर होतं आणि तो राग बोलता न येणाऱ्या माणसावर निघतो. मी ते पाहिलं आहे, चांगल्या चांगल्या घरांत.

यजमानांना कुशीवर करायला शिकवा. ज्या दिवशी त्यांची रात्रपाळी नसेल, त्यांतल्या आठवड्यातल्या दोन रात्री त्यांच्या. एक जुनी चादर चौपदरी घडी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली आडवी घालून ठेवायची. माणसाला ओढायचं नाही, चादर ओढायची. लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. दोन गुडघ्यांमध्ये उशी, पाठीमागे उशी, आणि टाचा गादीला टेकणार नाहीत अशी घोट्याखाली छोटी घडी. दहा मिनिटांत शिकून होतं. आईला हात लावताना पुरुष बुजतात, ‘तुलाच नीट जमतं’ म्हणतात. जमत नसतं, शिकावं लागतं. तुम्हालाही तीन वर्षांपूर्वी जमत नव्हतंच. आणि त्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा, दार लावून.

दिरांचं. ‘थोडी मदत करा’ असं म्हणू नका, त्या वाक्याला काहीच आकार नसतो. ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही दोघं या, रविवार संध्याकाळपर्यंत आईंचं तुम्ही पाहा’ असं म्हणा. ते जमत नसेल तर ‘दिवसा चार तास येणाऱ्या बाईचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला पाठवा’ असं म्हणा. शक्यतो हे यजमानांनी बोलावं, आई त्यांची आहे. कायद्यानेही, २००७च्या कायद्यानुसार, आईवडिलांची जबाबदारी सगळ्या मुलांवर आहे. भांडायला नव्हे, तुम्ही काही उपकार मागत नाही आहात एवढं मनाशी पक्कं राहावं म्हणून सांगते. जाऊबाई मनापासून प्रार्थना करत असतीलही. त्यांना सांगा, त्या शनिवारी इथे येऊन आईंच्या उशाशी बसून करा.

आता मंडळीचं, आणि यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण तुमच्यासारख्या बायका मला जवळजवळ प्रत्येक मंडळीत भेटल्या आहेत. सगळ्यांच्या तोंडी तिचं नाव असतं, नाताळच्या कार्यक्रमात तिला शाल मिळते, आणि तिच्या हातातली पिशवी कुणी घेत नाही.

प्रेषितांची कृत्ये, ६वा अध्याय. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. तुमच्या मावशींसारख्याच त्या. कुरकुर झाली. तेव्हा कुणी असं म्हटलं नाही की एखाद्या भगिनीने आणखी जोर लावावा. सबंध मंडळीला बोलावलं, सात जण निवडले आणि हे काम त्यांच्याकडे सोपवलं. सातही पुरुष होते, वाढण्याच्या कामावर! हे एकदा पाळकसाहेबांसमोर वाचून दाखवा. विधवा एकटी पडली तर पवित्र शास्त्र मंडळीची व्यवस्था बदलतं, कुणा एकीला दोषी धरत नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण केडगावचं. १८९६च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. दुष्काळात आईवडील गमावणं काय असतं हे त्यांनी तरुणपणी स्वतः भोगलं होतं. १९००च्या सुमारास त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जवळजवळ २००० जणी होत्या. एवढ्यांचं खाणं, दुखणं, शिक्षण पाहताना त्याच बाईने मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, १९२२ साली मरेपर्यंत त्याच कामात होत्या. मला पूर्वी हे वाचून धडकी भरायची, की आपण किती कमी पडतो. आता मी ते वेगळं वाचते. हिब्रूचं पुस्तक उघडून बसायला त्यांना तास कुठून मिळाले? मुलगी मनोरमा होती, सुंदराबाई पवार आणि मिनी अब्राम्स या सहकारी होत्या, आणि मुख्य म्हणजे दुष्काळातून आलेल्या मुलीच होत्या. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, छापखाना, सगळं त्या चालवू लागल्या. बायबल छापलं तेही त्यांनीच. ज्यांना जनावरावर घालून आणलं होतं त्याच उतारशाळेच्या रखवालदार झाल्या. रमाबाईंनी आपल्या हातातली कामं त्यांच्या हाती सोपवली म्हणून हे झालं.

तर डबे सोपवा. ‘मी थांबले तर बंद पडेल’ ही भीती तुम्हाला वाटणार. कदाचित महिनाभर बंद पडेलही. पडू द्या. पाळकसाहेबांना आणि कमिटीला तारीख सांगा, की या तारखेपासून तीन महिने मी डबे आणि घरभेटी करणार नाही. कारण लांबलचक सांगू नका. वही द्या, नंबर द्या, किराण्याचा हिशेब द्या. ज्या घरांनी २०२१मध्ये तुमचा डबा खाल्ला, त्यांतल्या दोघी-तिघींना थेट जाऊन विचारा. व्यासपीठावरून केलेल्या आवाहनाला कुणी हात वर करत नाही, पण ओट्यापाशी उभं राहून ‘मंगळवारच्या पोळ्या तू करशील का?’ असं विचारलं तर माणसं हो म्हणतात. बऱ्याच जणींना आजवर कुणी विचारलेलंच नसतं. तुम्ही सगळं इतकं नीट करत होतात की त्यांना जागाच नव्हती. यात तुमचा दोष काढत नाही, पण त्यांचंही काही तरी राहून गेलं हे खरं.

आणि मावशींसाठी एक गोष्ट करायला सांगा. मंडळीत एकटी राहणारी म्हातारी माणसं किती, त्यांची यादी. प्रत्येकाला दोन घरं नेमून द्यायची, एकाने सोमवारी फोन करायचा, दुसऱ्याने गुरुवारी. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फोनजवळ चिकटवायचा. हे तुम्ही स्वतः चालवायचं नाही. सुचवायचं आणि खाली बसायचं.

‘नाही’ म्हणणं तुम्हाला जड जाणार. एक वाक्य पाठ करून ठेवा : ‘आज मला जमणार नाही, मी अमक्यांना सांगते.’ पुढे कारण जोडायचं नाही, माफी मागायची नाही. आणि खरंच त्या अमक्यांना फोन करायचा. तुमच्या मनाला जे लागलंय ते गुरुवारी तुम्ही गेला नाहीत यापेक्षा जास्त करून हे आहे, की तुमच्या ऐवजी जाणारं कुणी नव्हतं.

मार्थेची आठवण तुम्हाला कुणीतरी करून दिली असेलच. लूकमध्ये शोमरोन्याच्या दाखल्याला लागूनच तिची गोष्ट येते (बहीण येशूचं ऐकत बसते आणि एकटी राबणारी मार्था तक्रार करते), आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांना गप्प करायला ती फार वापरली गेली. पण येशू तिला स्वयंपाक सोड म्हणाला नाही. तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस, असं म्हणाला, आणि ‘मार्था, मार्था’ अशी दोनदा हाक मारून म्हणाला. ती दोनदा मारलेली हाक मला आईच्या हाकेसारखी वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात भाऊ मेल्यावर सगळ्यांत आधी येशूला सामोरी गेली ती मार्थाच, आणि ‘तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र’ असं तिने कबूल केलं. पुढच्या अध्यायात बेथानीतल्या जेवणाच्या वेळी ती पुन्हा वाढते आहे. तिथे तिची तक्रार नाही. वाढणं तिचं होतंच, ते तिच्यापासून कुणी काढून घेतलं नाही.

राहता राहिली प्रार्थना. आपल्या सभांमध्ये साक्ष द्यायची म्हणजे शेवट गोडच हवा, असं होऊन बसलंय. ‘मी अंधारात होते, अजूनही आहे’ अशी साक्ष द्यायला कुणी उभं राहत नाही. पण स्तोत्र ८८ तशीच साक्ष आहे. पहिल्या ओळीपासून हाक आहे आणि शेवटची ओळ अंधारातच संपते. देवाने ते स्तोत्र आपल्या पुस्तकात ठेवलं, वगळलं नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये छापली गेली, तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता. लोकांना धक्का बसला. मला वाटलं, बाई किती एकटी असेल. त्यांनी निदान मोजक्या धर्मगुरूंना ते लिहून तरी सांगितलं. तुम्ही मला लिहिलंत, आता आणखी एका माणसाला तोंडाने सांगा. पाळकसाहेबांशी किंवा त्यांच्या पत्नीशी मोकळं बोलता येत असेल तर त्यांना, नाहीतर एखाद्या जुन्या मैत्रिणीला. उपदेश न करता ऐकेल अशी कुणी हवी. ती दुसऱ्या धर्माची असली तरी चालेल.

शब्द फुटत नसतील तर फोडू नका. आपल्याला काय मागावं हे कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असं रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात आहे. रविवारी उपासनेत मागच्या बाकावर बसा. बाकीचे गातील, त्यांच्या गाण्यात तुम्हीही आहात.

मावशींच्या कबरेवर एकदा जाऊन या. रविवारी उपासना झाली की येते, असं तुम्ही म्हणाला होतात. तर रविवारीच जा, तेवढी भेट पुरी करा. हातात काही न्यायचं असेल तर न्या. त्यांच्याशी बोलावंसं वाटलं तर बोला. रडू आलं तर थांबवू नका, इतके दिवस ते अडून बसलंय.

आणि सासूबाईंचे ओठ. पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही ते लिहिलंत, म्हणून मी पण शेवटी ठेवलं. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं. उजवं अंग लुळं पडणाऱ्या झटक्यात वाचा जाते ती त्यामुळे. पण सूर आणि लहानपणापासून पाठ असलेली गाणी यांना मेंदूचा उजवा भागही हात देतो. स्वतःचं नाव सांगू न शकणारी माणसं अख्खं गीत म्हणताना मी वॉर्डात पाहिली आहेत. तुमच्या सासूबाई ना. वा. टिळकांची गीतं ऐकत वाढलेल्या पिढीतल्या असणार. ती अभंगाच्या, ओवीच्या चालीवरची आहेत, जात्यावर म्हणता येतील अशी, आणि तशी गाणी रक्तात जाऊन बसतात.

मोबाइलवर लावू नका. म्हणजे लावा, पण कधी कधी बंद करून तुम्ही स्वतः म्हणा. आवाज बसला असेल तरी चालेल. संध्याकाळी चादर बदलून झाली की लगेच उठू नका. त्यांच्या डाव्या बाजूला बसा, तो हात चांगला आहे, त्या दाबू शकतील. त्यांना येतं असं एक गीत सावकाश सुरू करा आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही म्हणू नका, तिथे थांबा. घरात शब्द न फुटणाऱ्या तुम्ही दोघी आहात. तो शब्द त्यांच्याकडून येतो का, बघा.

तुमची,
सिस्टर